परतीची वाट ओळखणारा शेर्पा : तेनझिंग नोर्गे

रसमड्याच्या आसपास बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. आपला मुलूख सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंच. शिवनाथचे खोरे, भाताची खाचरे, कारखान्यांची धुराडी. चढ चढायचा तर डोंगरगड गाठून बम्लेश्वरीच्या पायऱ्या चढायच्या. डिसेंबरातल्या पहाटेच्या कवायतीलाही एक स्वेटर पुरतो. तरीही आज या मैदानावर धावणाऱ्या छात्रांपैकी काही जण उद्या दार्जिलिंग, मनाली किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण शिबिराला जातील. पुढे सैन्यात गेलेल्यांना लडाख, सिक्कीम, सियाचिन चुकणार नाही. तेव्हा बर्फाची ओळख आधीच करून घेतलेली बरी. ती करून देणारा तेनझिंग नोर्गे यांच्यासारखा दुसरा गुरू सापडणे कठीण.

२९ मे १९५३ ही तारीख आपण सामान्य ज्ञानाच्या वहीत लिहून ठेवतो. त्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता तेनझिंग आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. पण वहीत एक गोष्ट बहुधा लिहिलेली नसते. तेनझिंग यांची एव्हरेस्टवरची ती सातवी खेप होती. आधीच्या सहा खेपांना ते माथा न गाठता परतले होते. हा माणूस शिखरावर कसा चढला हे पुष्कळांना ठाऊक आहे. तो परत कसा फिरत असे, कधी फिरत असे आणि कोणासाठी पुन्हा वर जात असे, हे छात्रांनी अधिक समजून घ्यायला हवे.

याक राखणारा मुलगा

तेनझिंग यांचा जन्म १९१४ च्या सुमारास झाला. जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. पुढे त्यांनी २९ मे हाच आपला वाढदिवस मानला. वडील मिंगमा याक पाळत, आई किनझोम घर सांभाळी. तेरा भावंडांत हा अकरावा, आणि त्यांतली बरीच लहानपणीच गेली. एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या खुंबू खोऱ्यात त्यांचे बालपण गेले. घरात ठेवलेले नाव नामग्याल वांगदी होते. एका लामांच्या सांगण्यावरून ते बदलून तेनझिंग नोर्गे ठेवण्यात आले.

गावात शाळा नव्हती. याकांच्या मागे डोंगर चढणे हीच शाळा. कोणत्या उतारावरचा बर्फ घट्ट आहे, कोणता सकाळी चालू देतो आणि दुपारी गिळतो, ढग कोणत्या बाजूने आले की जनावरे खाली आणायची, हे धडे त्या मुलाने पुस्तकाविना गिरवले. जनावर हरवले तर शोधायला जावेच लागे, पण वारा फिरला तर रिकाम्या हाताने परतावेही लागे.

तेराव्या वर्षी हा मुलगा घरातून पळून काठमांडूला गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. १९३२ च्या अखेरीस पुन्हा निघाला तो थेट दार्जिलिंगला पोहोचला. एव्हरेस्टवर जाणाऱ्या इंग्रजांच्या मोहिमा तेव्हा तिबेटमार्गे जात आणि त्यांचे शेर्पा दार्जिलिंगमध्ये निवडले जात. पहिल्या प्रयत्नात त्याची निवड झाली नाही. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांना आयत्या वेळी आणखी दोन माणसे हवी होती. जवळ अनुभवाचा दाखला नसलेला हा एकवीस वर्षांचा पोरगा रांगेत उभा होता. त्याचे हसणे शिप्टन यांना आवडले, आणि तो मोहिमेत गेला.

१९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन मोहिमा त्यांनी भारवाहक म्हणून केल्या. १९३८ मध्ये बिल टिलमन यांच्या मोहिमेत ते २७,२०० फुटांवरच्या छावणीपर्यंत ओझे घेऊन चढले. त्याबद्दल हिमालयन क्लबचे टायगर पदक मिळाले. पुढे लोक त्यांना बर्फावरचा वाघ म्हणू लागले, त्याची सुरुवात इथे झाली.

मग महायुद्ध आले आणि मोहिमा थांबल्या. तेनझिंग त्या काळात चित्रालमध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे नोकरीला होते. १९४४ मध्ये तिथेच त्यांची पत्नी दावा फुटी वारली. मुलगा त्याआधीच गेला होता. पेम पेम आणि निमा या दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले. पुढे अंग ल्हामू यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि मुलींना आई मिळाली. वर्ष-दोन वर्षे हाताला काम नव्हते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या प्रसंगाचे मोल कळते. मोहिमेतून मिळणारा पगार हा या माणसाचा छंद नव्हता, ती घरची चूल होती.

१९४७ मध्ये एका स्विस तुकडीबरोबर ते केदारनाथ शिखरावर गेले. शेर्पांचे प्रमुख, म्हणजे सरदार, वांगदी नोर्बू घसरून जबर जखमी झाले. त्यांना खाली आणणाऱ्यांत तेनझिंग होते. त्यानंतर सरदारकी त्यांच्याकडे आली. सरदाराचे काम दुहेरी असते. एका हाताने साहेबांची मोहीम पार पाडायची आणि दुसऱ्या हाताने आपल्या माणसांना सुखरूप घरी न्यायचे. दोन्ही हात एकाच दिशेला ओढत असतील तोवर सगळे सोपे असते.

नंगा पर्वत, हिवाळा १९५०

१९५० मध्ये तीन तरुण इंग्रजांनी तेनझिंग यांना सरदार म्हणून बरोबर घेतले. थॉर्नली, क्रेस आणि मार्श अशी त्यांची नावे. थॉर्नली गुरखा पलटणीतले अधिकारी होते. तिघेही धडधाकट, उत्साही, शेर्पांशी बरोबरीने वागणारे. तेनझिंग यांच्याबरोबर आणखी तीन शेर्पा होते. मूळ बेत काराकोरममध्ये दीर्घकाळ भटकण्याचा होता, पण परवानगी न मिळाल्याने तो बारगळला. तोपर्यंत नोव्हेंबर उजाडला होता. रिकाम्या हाताने परतायचे नाही म्हणून तिघांनी नंगा पर्वताकडे मोर्चा वळवला.

नंगा पर्वत ८,१२६ मीटर उंच आहे. दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीत हे नाव हळू आवाजात घेतले जाई. १९३४ मध्ये तिथल्या वादळात तीन जर्मन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा गेले होते. १९३७ मध्ये एका रात्रीत हिमलोटाखाली सोळा माणसे गाडली गेली, त्यांत नऊ शेर्पा होते. हे सगळे उन्हाळ्यात घडले होते. हिवाळ्यात त्या डोंगरावर जाण्याची गोष्ट तेव्हा कोणी बोलतही नव्हते.

हिवाळ्यात डोंगर वेगळा का होतो, हे छात्रांनी नीट समजून घ्यावे. पहिली गोष्ट, दिवस लहान होतो. सूर्य उशिरा येतो, लवकर जातो आणि उत्तरेकडच्या उतारावर फिरकतही नाही. दुसरी, वारा वाढतो. थंडी जितकी हवेत असते त्याहून अधिक वाऱ्यात असते, कारण अंगाभोवती तयार झालेली उबदार हवेची चादर वारा सतत उडवून नेतो. तिसरी गोष्ट बर्फाची. उन्हाळ्यात ऊन लागून वितळलेला आणि रात्री गोठलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो, त्यावर पाय ठरतो. हिवाळ्यातला नवा बर्फ भुशासारखा भुसभुशीत राहतो. पाय मांडीपर्यंत रुततो, शंभर पावलांना तास लागतो. असा सैल थर उतारावर साठत गेला की एखाद्या माणसाच्या वजनानेही तो सुटतो आणि हिमलोट होऊन खाली येतो. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. ती घातली की वजन पसरते आणि पाय कमी रुततो, पण उतारच सुटणार असेल तर स्नोशूही वाचवत नाहीत.

तेनझिंग यांना हे सगळे याकांच्या मागे फिरताना कळलेले होते. त्यांनी साहेबांना स्पष्ट सांगितले की या दिवसांत वर जाणे योग्य नाही. साहेबांनी ऐकले नाही. डोंगराच्या तळाशी, जिथून थंडी आणि बर्फ खरोखर सुरू होतो तिथे, बाकीच्या शेर्पांनी पुढे पाऊल टाकायला नकार दिला. त्यांना बायकामुले होती, आणि १९३४ व १९३७ त्यांच्या ओळखीच्या घरांत घडलेले होते. आता सरदाराची पाळी होती. तेनझिंग यांनी आजवर कोणत्याही डोंगरावर पुढे जायला नकार दिला नव्हता. नाव, पगार, पुढची कामे, सगळे एका शब्दावर टांगलेले होते. त्यांनी आपल्या माणसांची बाजू घेतली. यापुढे ओझी वर जाणार नाहीत, असे सांगितले.

सैनिकी शिक्षण घेणाऱ्या मुलांनी इथे थोडे थांबावे. आज्ञापालन हा आपल्या शिक्षणाचा पाया आहे आणि तेनझिंग यांनी तर वरिष्ठांना नकार दिला. पण तो नकार कसा होता ते पाहावे. तो पाठीमागे कुजबुजून दिलेला नव्हता, तोंडावर आणि कारणांसह दिलेला होता. तो वेळेवर दिलेला होता, अर्ध्या उतारावर ओझी टाकून नव्हे. त्यात स्वतःच्या जिवाइतकाच हाताखालच्या तिघांच्या जिवाचा विचार होता. आणि नकार देऊन ते निघून गेले नाहीत. साहेब खाली येईपर्यंत तळावर थांबायचे, हे त्यांनी ठरवले.

तिघे इंग्रज स्वतःची ओझी स्वतः घेऊन वर गेले. काही दिवसांतच पाय गोठू लागल्याने मार्श माघारी आले. थॉर्नली आणि क्रेस वरच राहिले. तळावरून त्यांचा तंबू दिसत होता. मग एक दिवस वर कसलीही हालचाल दिसेना, तंबूही दिसेना. कोणी खाली उतरून आले नाही.

तेव्हा वर जायला नकार देणारे तेनझिंग वर निघाले. मार्श यांच्याबरोबर त्यांनी त्या भुसभुशीत बर्फात वाट फोडण्याचा प्रयत्न केला. दिवसभर कष्टून अंतर काही तोडता येईना. थंडी अशी की आणखी पुढे गेले असते तर शोधणाऱ्यांचाच शोध घ्यावा लागला असता. ते परतले. थॉर्नली आणि क्रेस यांचा पत्ता लागला नाही.

पुढे आपले आत्मकथन सांगताना तेनझिंग यांनी हा प्रसंग लपवला नाही. नकार देताना आपले मन किती ओढाताणीत होते, हेही त्यांनी सांगितले. दोन चांगली माणसे गेल्याचे दुःख त्यांना कायम राहिले. आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद त्यांच्या बोलण्यात कुठेही नाही. नंगा पर्वताचे शिखर हिवाळ्यात पहिल्यांदा सर झाले ते २६ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे या प्रसंगानंतर पासष्ट वर्षांनी. मधल्या काळात कपडे, बूट, हवामानाचे अंदाज सगळे बदलले होते आणि अनेक तुकड्या प्रयत्न करून परतल्या होत्या.

परतलेली आणखी काही पावले

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, नंदादेवीवर असाच प्रसंग आला. एका फ्रेंच मोहिमेतले रोजे द्युप्ला आणि झिल्बेर विन्य हे दोघे मुख्य शिखरापासून पूर्व शिखरापर्यंतची धार ओलांडायला निघाले आणि दिसेनासे झाले. त्यांच्या शोधासाठी तेनझिंग आणि लुई द्युबोस पूर्वेकडून चढले. धार इतकी अरुंद की दोन्ही बाजूंना खोल दरी. हातापायांनी दगड आणि बर्फ धरत ते थेट नंदादेवी पूर्व शिखरावर पोहोचले. हरवलेले दोघे मिळाले नाहीत. आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड चढाई हीच, असे तेनझिंग पुढे सांगत. एव्हरेस्टचे नाव त्यांनी घेतले नाही.

१९५२ मध्ये स्विस तुकडी नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर निघाली. त्या तुकडीत तेनझिंग केवळ सरदार नव्हते, चढाईच्या पथकातले बरोबरीचे सदस्य होते. त्यांचा दोरावरचा जोडीदार रेमंड लांबेर. या लांबेर यांना बर्फाने आधीच शिकवले होते. १९३८ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये वादळात अडकून त्यांच्या पायांची सगळी बोटे गेली होती. खास आखूड बूट करून घेऊन ते पुन्हा डोंगर चढू लागले. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण दोस्ती जमली ती जन्माची.

२७ मे १९५२ ची रात्र या दोघांनी सुमारे ८,४०० मीटरवर एका छोट्या तंबूत काढली. स्लीपिंग बॅग नव्हती, स्टोव्ह नव्हता. एका मेणबत्तीवर डब्यात थोडा बर्फ वितळवून त्यांनी घोटभर पाणी केले. झोप लागू नये आणि अंग गोठू नये म्हणून रात्रभर एकमेकांना चोळत, थोपटत राहिले. सकाळी निघाले. प्राणवायूची उपकरणे चालताना काम देईनात. पाच तासांत दोनशे मीटरही चढून होईनात. सुमारे ८,६०० मीटरवर दोघे थांबले. माथा अडीचशे मीटर उरला होता. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती. वर जाता आले असते कदाचित, पण खाली येता आले नसते. दोघे परतले.

त्याच वर्षी शरद ऋतूत स्विस पुन्हा आले आणि तेनझिंगही गेले. या वेळी उशीर झाला. लोत्से शिखराच्या उतारावर कोसळलेल्या बर्फाने मिंगमा दोर्जे हा शेर्पा दगावला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते साउथ कोल या खिंडीपलीकडे थोडे चढले, पण हिवाळी वाऱ्यापुढे उभे राहणेच अशक्य झाले. पुन्हा माघार. खाली आल्यावर तेनझिंग आजारी पडले. पाटण्याच्या रुग्णालयात काही दिवस पडून राहावे लागले, वजन उतरले. पुढचे निमंत्रण तोवर येऊन ठेपले होते.

रात्री न काढलेले बूट

१९५३ ची मोहीम कर्नल जॉन हंट यांच्या नेतृत्वाखाली होती. लष्करी शिस्तीने आखलेली, सामानाचा हिशेब चोख. खुंबूच्या हिमप्रपातातून उतरताना एकदा हिलरी यांनी हिमभेगेवरून उडी मारली आणि समोरचा बर्फाचा काठ ढासळला. हिमभेग म्हणजे हिमनदीत पडलेली खोल चीर. मागे दोरावर असलेल्या तेनझिंग यांनी त्याच क्षणी आपली आइस अ‍ॅक्स बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती आवळला आणि हिलरी यांना तोलून धरले. दोर सैल न सोडणे, जोडीदारावरून नजर न हलवणे ही सवय होती, म्हणूनच ते साधले.

२६ मे रोजी बोर्डिलन आणि इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत गेली. माथा सुमारे शंभर मीटर वर दिसत होता. वेळ आणि प्राणवायू पुरणार नाही हे ओळखून तीही परतली. त्यांच्या त्या निर्णयाचे कौतुक फारसे होत नाही, पण ती दोघे जिवंत परतली म्हणून दुसऱ्या जोडीला वाटेची माहिती मिळाली.

२८ मेच्या रात्री तेनझिंग आणि हिलरी यांचा तंबू ८,५०० मीटरवर होता. बाहेर तापमान शून्याखाली २७ अंशांच्या आसपास. हिलरी यांनी बूट काढून ठेवले. तेनझिंग बूट घालूनच झोपले. सकाळी हिलरी यांचे बूट लाकडासारखे कडक झाले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात जवळजवळ दोन तास गेले. साडेसहाला दोघे निघाले. ही काही कोणाची खोड काढण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. हिलरी पट्टीचे गिर्यारोहक होते. पण ज्याचे बालपण बर्फात गेले त्याच्या अंगवळणी पडलेली एक साधी गोष्ट काय मोलाची असते, ते यातून दिसते. त्या रात्री दोघांनी लिंबाचे सरबतही भरपूर प्यायले. उंचावर तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातले पाणी सतत जात असते आणि ते भरून काढावेच लागते.

साडेअकराला माथा आला. तेनझिंग यांच्या गळ्यात लांबेर यांनी दिलेला तांबडा रुमाल होता. आइस अ‍ॅक्सला संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे ध्वज बांधलेले होते. देवाला नैवेद्य म्हणून त्यांनी थोडी बिस्किटे आणि चॉकलेट बर्फात पुरले. धाकट्या निमाने दिलेली पेन्सिलही तिथेच ठेवली. सुमारे पंधरा मिनिटे थांबून दोघे उतरू लागले.

दार्जिलिंगची शाळा

मानसन्मान पुष्कळ झाले. ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले, भारत सरकारने १९५९ मध्ये पद्मभूषण दिले. पण तेनझिंग यांच्या आयुष्यातले मोठे काम त्यानंतर सुरू झाले. पंडित नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिले प्राचार्य मेजर नरेंद्र धर जयाल हे सैन्याच्या इंजिनिअर दलातले अधिकारी होते. प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख तेनझिंग. त्यासाठी एव्हरेस्टवीर तेनझिंग आधी स्वित्झर्लंडला जाऊन आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत विद्यार्थी होऊन बसले, बरोबर सहा शेर्पाही होते. चढणे येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे, हे त्यांनी ओळखले होते.

स्वतः अक्षरओळख नसलेला हा शिक्षक होता. अनेक भाषा बोलत, पण पुस्तक वाचता येत नसे. त्यामुळे शिकवणे सगळे करून दाखवण्याचे. दार्जिलिंगजवळच्या एका मोठ्या खडकाला आज तेनझिंग रॉक म्हणतात, तिथे मुले पहिले धडे गिरवतात. खडकावर चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन आधार कायम पक्के ठेवायचे आणि एकच हलवायचा. हाताने लोंबकळायचे नाही, पायाने उभे राहायचे. त्यानंतर शिबिरार्थी सिक्कीममध्ये युकसोमहून झोंगरीमार्गे चौरीखांगच्या तळावर चालत जातात आणि तिथल्या हिमनदीवर बर्फाचे धडे घेतात.

बर्फातल्या सवयी मात्र इथे रसमड्यातही लावून घेता येतात. कपडे एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ घालावेत, म्हणजे घाम यायच्या आत एखादा काढता येतो. बर्फात घाम हा शत्रू आहे, कारण तो थांबल्यावर गोठतो. ओले मोजे लगेच बदलावेत. बोटे बधिर झाली तर लपवू नये, लगेच सांगावे. हिमदंश सुरू होतो तेव्हा दुखत नाही आणि दुखणे थांबले म्हणून बरे वाटते, तिथेच बोट गेलेले असते. गोठलेल्या बोटावर बर्फ चोळू नये. उन्हात बर्फावर काळा चष्मा न लावता चालले तर काही तासांत डोळे जळू लागतात. वाट फोडणारा पुढचा माणूस सतत बदलावा, म्हणजे एकटा थकत नाही. सकाळी लवकर निघावे आणि ऊन चढून बर्फ मऊ होण्याआधी धोक्याचा उतार ओलांडावा. आणि निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ ठरवावी. ती वेळ झाली की माथा कितीही जवळ दिसो, मागे फिरावे.

या संस्थेतून शिकून गेलेल्यांनी पुढे देशाचे नाव केले. तेनझिंग यांचे पुतणे नवांग गोम्बू १९६३ मध्ये अमेरिकी मोहिमेबरोबर आणि १९६५ मध्ये भारतीय मोहिमेबरोबर एव्हरेस्टवर पोहोचले. दोनदा तिथे जाणारे ते पहिलेच. १९६५ च्या त्या भारतीय मोहिमेत नऊ जण माथ्यावर गेले. मेजर जयाल मात्र १९५८ मध्ये चो ओयू शिखरावर आजारी पडून गेले होते. संस्थेने त्यांच्या आठवणीसह काम चालू ठेवले.

तेनझिंग १९७६ पर्यंत प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख होते. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले आणि संस्थेच्याच आवारात त्यांना अग्नी देण्यात आला. हिलरी तेव्हा न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. ते जोडीदाराला निरोप द्यायला आले होते. साहसासाठी आपल्या देशात दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार आज तेनझिंग यांच्या नावाने ओळखला जातो.

पालकांना मुलांना बर्फातल्या शिबिराला पाठवताना काळजी वाटते, आणि ती वाटणे योग्यच आहे. मुलगा किंवा मुलगी शिबिरातून परतली की वर किती फूट गेलात एवढेच विचारू नये. कुठे थांबलात, का थांबलात, बरोबरच्याला कुठे हात दिलात, हेही विचारावे. शिखर न गाठता परतलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर घरच्यांनी कमीपणा येऊ देऊ नये. शिक्षकांनीही चढाईच्या गुणांबरोबर वेळेवर सांगितलेल्या धोक्याला गुण द्यावेत.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचे ते प्रसिद्ध छायाचित्र तेनझिंग यांचे आहे, हिलरी यांनी काढलेले. प्राणवायूच्या मुखवट्यामुळे चेहरा त्यात दिसत नाही. वर उचललेली आइस अ‍ॅक्स दिसते, तिला बांधलेले ध्वज दिसतात आणि बर्फात घट्ट रोवलेले, रात्रभर न काढलेले बूट दिसतात. पुढच्या वेळी ते चित्र पाहाल तेव्हा आधी बुटांकडे पाहा.